वेतातली सगळी पिल्लं

दोन वेगळ्या जातींच्या कुत्र्यांचा मुद्दाम संकर करावा का, या वादात दोन्ही बाजू मूळ प्रश्नाला बगल देतात. एक बाजू म्हणते, संकराने जात बिघडते. दुसरी म्हणते, संकरित कुत्रं जातिवंतापेक्षा निरोगी असतं, मग बिघडलं कुठे? माझ्या मते संकर हा गुन्हाही नाही आणि गुणही नाही. नर-मादी कशासाठी जुळवले, त्याआधी त्यांचं काय तपासलं आणि जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाचा वाली कोण, यावर त्या कृतीचं बरेवाईटपण ठरतं.

जात बिघडण्याचा आक्षेप लवकर निकालात निघतो. आज जातिवंत म्हणून मिरवणारा गोल्डन रिट्रीव्हर स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८ साली पिवळा रिट्रीव्हर आणि ट्वीड वॉटर स्पॅनिएल यांच्या संकरातून घडवायला घेतला. त्याहून बोलकं उदाहरण डाल्मेशियनचं आहे. बाकीच्या बहुतेक कुत्र्यांचं शरीर युरिक ॲसिडचं रूपांतर करून ते सहज बाहेर टाकतं. डाल्मेशियनच्या एका जनुकात दोष असल्याने ते लघवीत साठतं, खडे होतात आणि नरांची लघवी अडकते. हा दोष जातीतल्या जवळपास प्रत्येक कुत्र्यात असल्यामुळे जातीच्या आत निरोगी जोडीदार शोधून उपयोग नव्हता. म्हणून अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी १९७३ साली एका डाल्मेशियनचा इंग्लिश पॉइंटरशी एकदाच संकर केला आणि पुढच्या प्रत्येक पिढीत निरोगी जनुक असलेली पिल्लं निवडून ती पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवली. अमेरिकन केनेल क्लबने १९८१ साली अशा दोन कुत्र्यांची नोंद केली, पण डाल्मेशियन पाळणाऱ्यांच्या संघटनेतून विरोध होताच दार बंद झालं. ते पुन्हा उघडायला २०११ उजाडलं. दरम्यानची तीस वर्षं शुद्धतेच्या आग्रहाची किंमत मुक्या जनावरांनी लघवी तुंबून मोजली. हा आग्रह मला क्रूर वाटतो.

पण म्हणून दुसरी बाजू आपोआप खरी ठरत नाही. लॅब्राडूडलची कथा त्यासाठी नीट पाहायला हवी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत काम करणाऱ्या वॉली कॉनरन यांच्याकडे हवाईतल्या एका अंध बाईंची मागणी आली. त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. बरेच पूडल आजमावून झाल्यावर कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांच्या लाळेचे आणि केसांचे नमुने हवाईला पाठवले, तेव्हा एकाचाच त्रास झाला नाही. उरलेल्यांना सांभाळायला कोणी पुढे येईना, म्हणून कॉनरन यांनी या कुत्र्यांना ‘लॅब्राडूडल’ हे नवं नाव दिलं आणि मागणीचा पूर लोटला. पुढे त्यांनी स्वतःच या साऱ्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. तीनातलं एक, ही गोष्ट त्या पहिल्याच वेतात उघड होती. बाजाराने तेवढं एक उचललं आणि संपूर्ण संकराला ‘ॲलर्जी न होणारं कुत्रं’ असं नाव लावलं.

ॲलर्जी होते ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे. केस गळतात की नाही, एवढ्यावर ती ठरत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ साली मोजणी केली, तेव्हा ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या केसांत हे प्रथिन उलट जास्तच सापडलं. शिवाय दोन प्रकारचे केस एकत्र आले की पूडलचा कुरळेपणा आणि लॅब्राडोरची दाट आतली लव यांचा मेळ कसा बसेल, हे पिल्लागणिक बदलतं. गळालेली लव कुरळ्या केसांत अडकते. रोज मुळापर्यंत विंचरलं नाही तर कानांमागे, काखेत, गळपट्ट्याखाली घट्ट जटा होतात, खालची कातडी ओढली जाते, ओली राहते आणि चिघळते. अशा वेळी ग्रूमरला अंगभर मशीन फिरवण्यावाचून गत्यंतर नसतं. विकताना मात्र या कुत्र्याची काळजी घेणं सोपं, असंच सांगितलेलं असतं.

राहिला आरोग्याचा दावा. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी २०१३ साली २४ आनुवंशिक विकार तपासले. त्यांतले १० जातिवंत कुत्र्यांत जास्त आढळले, १३ दोन्हींकडे सारखेच आणि एक मिश्र कुत्र्यांत जास्त. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२४ साली लॅब्राडूडल, कॉकापू आणि कॅव्हापू या पूडल-संकरांची त्यांच्या मूळ जातींशी ५७ विकारांबाबत तुलना केली. बहुसंख्य तुलनांत फरकच दिसला नाही. कारण समजायला अवघड नाही. दोष एकाच जातीत असेल तर संकर तो झाकतो, दोन्हीकडे असेल तर नाही. डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारं एक सदोष जनुक लॅब्राडोरमध्येही आहे आणि पूडलमध्येही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक पिल्लाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. डीएनए चाचणीने हे आधीच कळतं. संकरित बियाणं पेरणारा शेतकरीही जाणतो, की त्याच पिकाचं धान्य पुढच्या वर्षी बी म्हणून ठेवलं तर गुण विस्कटतात. संकरित कुत्र्यांच्या आपसांत जोड्या लावून तीच खात्री विकणाऱ्याला हे ठाऊक नसावं, असं मानवत नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१७च्या नियमांनी ब्रीडरला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आहे. मादीचं वय किमान दीड वर्ष हवं, वर्षाला एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच आणि दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आईबापांच्या चाचण्यांचा आग्रह गिऱ्हाईकानेच धरायला हवा. आई दाखवायला कोणी टाळाटाळ करत असेल, तर तिथून उठावं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की रस्त्यांवर एवढी बेवारस कुत्री असताना नवी पैदास हवीच कशाला? घरात सोबतीला कुत्रं हवं असणाऱ्याच्या बाबतीत मला हा आक्षेप पटतो. नुसत्या रूपासाठी आणि नव्या नावासाठी केलेल्या संकराकडे त्याला उत्तर नाही. पण अंध माणसाला रस्ता ओलांडून देणाऱ्या कुत्र्याचा स्वभाव आणि सांधे यांबद्दल आधीच अंदाज असावा लागतो, आणि तो पिढ्यांच्या नोंदींतूनच येतो. अशी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या संस्था लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर यांचा संकर अनेक वर्षं करत आल्या आहेत. तिथे पालकांचे खुबे, कोपरं, डोळे तपासलेले असतात आणि प्रशिक्षणात न टिकलेल्या पिल्लासाठी घर शोधण्याचं काम संस्थाच अंगावर घेते.