लवणप्रिय सूक्ष्मजंतू व खनिजनिर्मिती

खारट पाण्यातच उत्तम वाढणाऱ्या सूक्ष्मजंतूंच्या जीवनक्रियांमुळे पाण्यात विरघळलेल्या लवणांपासून घन खनिजे तयार होण्याची प्रक्रिया. समुद्राच्या पाण्यात सरासरी सु. ३·५% लवणे असतात. मध्यम लवणप्रिय सूक्ष्मजंतू सु. ३ ते १५% लवणे असलेल्या पाण्यात चांगले वाढतात. मिठागरे, खारी सरोवरे व खारकच्छे ही त्यांची वसतिस्थाने होत. हॅलोमोनास ही त्यांची एक महत्त्वाची प्रजाती आहे.

शिंपल्यातील प्राणी आपले कवच घडवितो, तशी ही खनिजे घडविली जात नाहीत. ती चयापचयाचा आनुषंगिक परिणाम असतात. सूक्ष्मजंतूंच्या श्वसनातून कार्बन डाय-ऑक्साइड व नायट्रोजनयुक्त पदार्थांच्या विघटनातून अमोनिया पाण्यात मिसळतो. पाण्याची क्षारता वाढून त्यातील कार्बोनेटाचे प्रमाण वाढते. कोशिकेच्या (पेशीच्या) पृष्ठावर व तिच्या भोवतीच्या बुळबुळीत आवरणावर ऋण विद्युत् भार असल्याने कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे आयन (विद्युत् भारित अणू) तेथे आकर्षिले जातात आणि कॅल्साइट, अरॅगोनाइट यांसारख्या कार्बोनेटांचे स्फटिक वाढू लागतात. फॉस्फेट उपलब्ध असल्यास स्ट्रुव्हाइट हे खनिजही तयार होते.

डोलोमाइटाचा प्रश्न : डोलोमाइट हे कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे दुहेरी कार्बोनेट होय. प्राचीन खडकांत ते विपुल आढळते. आधुनिक समुद्रतळावर मात्र विरळाच. मॅग्नेशियम आयनाभोवती पाण्याचे रेणू घट्ट बांधलेले असल्याने तो स्फटिकात सहजी शिरत नाही. एल्. एस्. लँड यांनी अतिसंपृक्त विद्राव २५° से. तापमानास ३२ वर्षे ठेवूनही त्यातून डोलोमाइट मिळाले नाही (१९९८).

या कोड्यावर ब्राझीलमधील रीओ दे जानेरोजवळच्या लागोआ व्हर्मेल्या या खारकच्छाने प्रकाश टाकला. तेथील ऑक्सिजनविरहित काळ्या गाळातील सल्फेट-क्षपणकारी सूक्ष्मजंतू प्रयोगशाळेत वाढवून क्रिसोगोनो व्हास्कोन्सेलोस, ज्युडिथ मॅकेन्झी व सहकाऱ्यांनी कमी तापमानात डोलोमाइट मिळविल्याचे १९९५ मध्ये जाहीर केले. हे सूक्ष्मजंतू सल्फेट वापरून टाकतात व कार्बोनेट वाढवितात.

तथापि अशा प्रयोगांतील पुष्कळसे स्फटिक खरे डोलोमाइट नसून मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइट असतात, असा आक्षेप घेतला गेला आहे. कारण खऱ्या डोलोमाइटात दोन्ही धातूंचे थर एकाआड एक रचलेले असतात. स्फटिकाचे सदोष थर वारंवार विरघळत राहिल्यास सूक्ष्मजंतूंवाचूनही सुव्यवस्थित डोलोमाइट वाढू शकते, असे २०२३ मध्ये दाखविण्यात आले. म्हणून प्राचीन डोलोमाइट हा केवळ स्वतःच्या अस्तित्वाने जीवसृष्टीचा पुरावा ठरत नाही. त्याची रचना व सोबतचे अवशेषही तपासावे लागतात.