मुलांच्या हातातील मोबाईल आणि आपले घर

मंडळाच्या वर्गणीच्या निमित्ताने सभासदांच्या घरी संध्याकाळी जाणे होते. दहा बाय बाराची खोली, आई गॅसजवळ, वडील अद्याप कामावरून यायचे, आणि कोपऱ्यात पाच-सहा वर्षांचे मूल मोबाईलमध्ये डोके घालून बसलेले. पाहुणा आला तरी त्याची मान वर होत नाही. अशा घरी 'मुलाला मोबाईल देऊ नका' एवढा उपदेश करून चहा पिऊन निघणे सोपे आहे. परंतु जेथे खेळायला अंगण नाही, सांभाळायला माणूस नाही आणि शाळेचा गृहपाठही व्हॉट्सॲपवर येतो, तेथे हा उपदेश चालत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

या बाबतीत मी स्वतः शहाणा होतो असे नाही. सूनबाई आणि मुलगा दोघेही नोकरीला जात, त्यामुळे नातू दिवसभर माझ्याकडे असे. जेवताना तो त्रास देई म्हणून मीच त्याच्यापुढे मोबाईलवर बडबडगीते लावून द्यायचो. तो पडद्याकडे बघत तोंड उघडायचा, मी घास भरवायचो. आजोबांकडे पोर कसे मुकाट्याने जेवते, म्हणून शेजारीही कौतुक करीत. मुलगा सव्वादोन वर्षांचा झाला तरी शब्द मोजून आठ-दहाच. मी सुनेला बोल लावला की, तुम्ही दिवसभर बाहेर, पोराशी बोलणार कोण? अखेर बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. त्यांनी आधी कानांची तपासणी करून घेतली. कान उत्तम होते. मग त्यांनी विचारले, 'दिवसातून मोबाईल किती वेळ बघतो?' सूनबाई माझ्याकडे पाहू लागल्या. न्याहारी, जेवण, दुपारची झोप येईपर्यंतचा वेळ आणि संध्याकाळ असा हिशेब मी केला, तेव्हा चार तास भरले. बोलणे उशिरा येण्याची कारणे अनेक असतात, सारा दोष मोबाईलचा म्हणता येणार नाही, असे बाईंनी स्पष्ट सांगितले. पण त्या चार तासांत मुलाशी कोणीच बोलत नव्हते, हे तर खरेच होते. सुनेची क्षमा मागायला मला आणखी दोन दिवस लागले.

लहान मूल पडद्यावरून भाषा का शिकत नाही? अमेरिकेतील सिएटल येथील पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेचे उच्चार बारा बैठकांत ऐकवले. काही बाळांपुढे चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळत होती, तर काहींना तेच बोलणे दूरचित्रवाणीवर दाखवले. प्रत्यक्ष माणसाबरोबरच्या बाळांना ते उच्चार ओळखता येऊ लागले. पडद्यापुढच्या बाळांना काहीच आले नाही. मूल 'ऊं' म्हणते, आपण 'काय रे, पाणी पाहिजे?' म्हणतो, ते पुन्हा काही म्हणते. अशा देवाणघेवाणीतून भाषा येते. मोबाईलमधील बाहुली कितीही गोड गायली तरी ती मुलाला उत्तर देत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक दाखवू नये, कमी असेल तर उत्तमच. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेही मत असेच आहे. परगावच्या मावशी-आत्याशी व्हिडिओवर बोलणे मात्र त्यांनी वगळले आहे, कारण तेथे समोरचे माणूस उत्तर देते.

आता कोणी म्हणेल, आम्हीही लहानपणी टीव्ही पाहिलाच की. पाहिला, पण मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले तेव्हा आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे कार्यक्रम आपोआप संपत असे. बातम्या लागल्या की मुले उठून बाहेर पळत. आजच्या मोबाईलमध्ये संपणे ही गोष्टच काढून टाकली आहे. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. बोटाने पान सरकवावे तितके ते सरकतच राहते, आणि पुढे काय येईल ते माहीत नसल्याने बोट थांबत नाही. तेव्हा मोबाईल काढून घेताच मूल जमिनीवर लोळते, त्यात केवळ त्याचा हट्ट नसतो. मोठ्या माणसालाही जेथे थांबता येत नाही, तेथे चार वर्षांच्या पोराने थांबावे अशी आपली अपेक्षा असते.

यावरून घरात काय करावे ते सुचते. यूट्यूबमध्ये पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करता येते. ती प्रथम बंद करावी. मुलाला 'दहा मिनिटे' कळत नाहीत, 'दोन गाणी' कळतात. तेव्हा आधीच दोन गाणी ठरवून, शक्य तर ती उतरवून ठेवून, नेट बंद करून मोबाईल द्यावा. गाणी संपली की काम संपते, आणि वाईटपणा आपल्याकडे येत नाही. स्वयंपाकाच्या वेळी आईने अर्धा तास काही लावून दिले तर तो गुन्हा नव्हे. पण त्यासाठी हातातल्या मोबाईलपेक्षा भिंतीवरचा टीव्ही बरा, असे माझे मत आहे. तो डोळ्यांपासून दूर असतो आणि पोर काय बघते ते घरातल्या सर्वांना दिसते.

जेवणाच्या वेळी मात्र पडदा नकोच. पडद्याकडे बघत खाणाऱ्याला पोट भरल्याचे कळत नाही. मी मोबाईल बंद केला तेव्हा तीन दिवस घरात रडारड झाली. चौथ्या दिवशी नातवाने स्वतःच्या हाताने वरणभात खाल्ला, अर्धा सांडला.

झोपेचेही तसेच आहे. रात्री डोळ्यांवर उजेड पडत राहिला की झोप आणणारा स्राव शरीरात उशिरा तयार होतो. एका खोलीच्या घरात 'बेडरूममध्ये मोबाईल नको' हा नियम निरर्थक आहे. पण चार्जिंगची जागा अंथरुणापासून दूर, दाराजवळच्या फळीवर ठेवता येते. गजरासाठी साधे घड्याळ आणावे. त्या फळीवर आई-वडिलांचेही मोबाईल गेले पाहिजेत, नाहीतर नियम टिकत नाही.

डोळ्यांविषयी चीनमधील ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांत केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जादा उघड्यावर नेले. तीन वर्षांनी अशा मुलांपैकी सुमारे तीस टक्क्यांना दूरचे अंधुक दिसू लागले होते, इतर मुलांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या जवळ होते. मैदान नसले तरी बाजाराला जाताना पोराला बरोबर घ्यावे.

विद्यार्थी मित्रांचा प्रश्न निराळा आहे. त्यांचा अभ्यासच मोबाईलमध्ये आहे. गृहपाठ आला की तो वहीत उतरवून घ्यावा आणि मोबाईल आईकडे परत द्यावा. व्याख्यान ऐकायचेच असेल तर ॲण्ड्रॉइड मोबाईलमध्ये एकच ॲप पडद्यावर अडकवून ठेवण्याची सोय आहे, ती वापरावी. मोबाईल मुलाचा स्वतःचा असेल तर गूगलच्या फॅमिली लिंकमधून पालकांना वेळेची मर्यादा घालता येते. परंतु दहावी-बारावीच्या मुलावर चोरून पाळत ठेवू नये. मर्यादा त्याच्याशी बोलून ठरवावी, म्हणजे पळवाटा शोधण्यात त्याचा वेळ जात नाही.

एकट्या घराने नियम केला की मूल शेजारी जाऊन बघते, ही तक्रार रास्त आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने २०२२ साली यावर उपाय केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, टीव्ही आणि मोबाईल बंद होतात, साडेआठला पुन्हा भोंगा होतो. टाळेबंदीतील ऑनलाईन शाळेने लागलेली सवय सुटेना म्हणून गावाने हे ठरवले, आणि त्यासाठी आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. आपल्या चाळीत भोंगा नको. पण एका मजल्यावरील पाच-सहा घरांनी सात ते आठ ही वेळ ठरवली, तर त्या तासात व्हरांड्यात मुलांना एकमेकांची सोबत मिळेल.

नातू आता पहिलीत आहे. बोलतो इतका की वर्गातून चिठ्ठी आली.