'लेमॅन' : एका मध्ययुगीन इंग्रजी शब्दाचा अर्थप्रवास

मध्ययुगीन इंग्रजीतील 'लेमॅन' या शब्दाचा अर्थ 'रखेल' किंवा 'उपपत्नी' असा सर्रास सांगितला जातो. हा अर्थ गृहीत धरून त्या काळातील वाङ्मय वाचू लागणारा अभ्यासक मात्र लवकरच अडखळतो. हाच शब्द कोठे एखाद्या तरुण विद्यार्थ्याला, तर कोठे साक्षात ख्रिस्ताला उद्देशून योजलेला त्याला आढळतो. या विसंगतीचा उलगडा शब्दाच्या व्युत्पत्तीत आणि त्याच्या सामाजिक वापरात शोधावा लागतो.

'प्रिय' या अर्थाचा 'लेओफ' आणि 'मान' हे दोन प्राचीन इंग्रजी शब्द एकत्र येऊन हा सामासिक शब्द सिद्ध झाला. प्राचीन इंग्रजीत 'मान' म्हणजे केवळ पुरुष नव्हे, तर कोणतीही व्यक्ती. त्यामुळे 'प्रिय व्यक्ती' हा मूळ अर्थ लिंगनिरपेक्ष होता. इ. स. १२०० च्या सुमारास 'लेओफमन' या स्वरूपात आढळणारा हा शब्द पुढे 'फ'चा लोप होऊन 'लेमॅन' झाला. मूळ अर्थात निंदेचा अंश नव्हता, किंवा विवाहबाह्य संबंधाची सूचनाही नव्हती.

तेराव्या शतकातील धार्मिक वाङ्मय याची साक्ष देते. एकांतसाधना करणाऱ्या स्त्रियांसाठी लिहिलेल्या 'अँक्रेन विस' या ग्रंथात बायबलमधील 'गीतरत्ना'तील प्रियेच्या संबोधनासाठी हाच शब्द येतो. टॉमस ऑफ हेल्स या फ्रान्सिस्कन कवीच्या 'लव्ह रॉन'मध्ये एका कुमारिकेला खरा 'लेमॅन' कोणता, हे सांगावयाचे आहे. तो अर्थातच ख्रिस्त होय. ज्ञानदेवांच्या विरहिणी परिचित असलेल्या मराठी वाचकाला या भावबंधाचे नवल वाटू नये. अशा ठिकाणी 'रखेल' हा प्रतिशब्द केवळ अपुरा नव्हे, तर अर्थाचा अनर्थ करणारा ठरतो.

चौदाव्या शतकात चित्र पालटलेले दिसते. त्यापूर्वीच सुरू झालेला बदल येथे ध्यानात घ्यावयास हवा : ११२३ व ११३९ च्या लॅटरन धर्मपरिषदांनी धर्मगुरूंच्या विवाहाला मनाई केल्यानंतर त्यांच्या सहचारिणींना पत्नीपदाचा अधिकार उरला नाही. लँगलंडच्या 'पिअर्स प्लाउमन'मध्ये लाच व लोभ यांचे रूप असलेली लेडी मीड धर्मगुरूंना आपापल्या 'लेमॅन' बाळगू देते, असा उपरोध आहे. येथे शब्द निर्विवादपणे निंदाव्यंजक झाला आहे.

तथापि या अवनतीचे सर्वांत मार्मिक विवेचन एका कवीनेच केले आहे. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील कोठावळ्याच्या कथेत फीबसची पत्नी आपल्या 'लेमॅन'ला, म्हणजे प्रियकराला, बोलावणे धाडते. हा शब्द तोंडून निघताच निवेदक थबकतो आणि अशा ग्राम्य बोलीबद्दल क्षमा मागतो. पण लगेच तो आपल्या शब्दयोजनेचे समर्थनही करू लागतो. व्यभिचार करणारी स्त्री उच्चकुलीन असली तर तिला प्रियकराची 'लेडी' म्हणावयाचे आणि गरीब असली तर 'वेंच' किंवा 'लेमॅन' म्हणावयाचे. वास्तविक दोघींच्या आचरणात काहीच अंतर नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. मोठे सैन्य बाळगून देश उद्ध्वस्त करणारा सेनानायक ठरतो आणि लहान टोळी घेऊन थोडा उपद्रव देणारा दरोडेखोर, हा दृष्टांतही तो जोडतो. एकाच कथेत 'लेमॅन' पुरुषासाठी व स्त्रीसाठीही आला आहे. त्यातील कमीपणा कृत्यावरून ठरत नाही; तो व्यक्तीच्या सामाजिक स्थानावरून ठरतो, हे चॉसरने स्पष्टपणे दाखविले आहे.

गिरणीवाल्याच्या कथेत निकोलस आणि ॲब्सॉलन हे दोघेही ॲलिसनला याच नावाने आळवितात. ॲब्सॉलनच्या खिडकीखालच्या प्रणययाचनेत 'गीतरत्ना'चे पडसाद आहेत. त्यामुळे पवित्र परंपरेतला शब्द प्रहसनात उतरल्याचा उपहास अधिक बोचरा होतो. कारभाऱ्याच्या कथेत मात्र गिरणीवाल्याची मुलगी पहाटे निरोप घेताना ॲलेन या विद्यार्थ्याला रडवेल्या स्वरात 'लेमॅन' म्हणते. कवीच्या दृष्टीने शब्द जुनाट व ग्रामीण असेल. तिच्या मुखी मात्र त्याचा मूळ जिव्हाळा कायम आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पेन्सरच्या 'फेअरी क्वीन'मध्ये हा शब्द जुन्या वळणाचा म्हणून येतो. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये सर अँड्र्यू विदूषकाला त्याच्या 'लेमॅन'साठी सहा पेन्स पाठवितो. पुढे हा शब्द व्यवहारातून लोपला.

मराठीतही अशी उदाहरणे आहेत. मित्र या अर्थाचा फारसी 'यार' स्त्रीच्या संदर्भात जार या अर्थाने वापरला गेला. 'अंगवस्त्र' हा वस्त्रवाचक शब्द रखेलीसाठी रूढ झाला. म्हणून 'लेमॅन'चा अनुवाद करताना एकच प्रतिशब्द पुरेसा ठरत नाही. धार्मिक काव्यात 'प्राणसखा' वा 'प्रिया', लँगलंडच्या उपरोधात 'रखेल', तर ॲलिसनच्या खिडकीखाली 'साजणी' असे भिन्न पर्याय स्वीकारावे लागतील. बोलणारा कोण आणि कोणाविषयी बोलतो आहे, हे पाहिल्याखेरीज या शब्दाचा अर्थ निश्चित करता येत नाही.