बिब्बा उतला, तर आधी साबण-पाणी

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या आदिवासी वस्त्यांवर मी परिचारिका म्हणून फिरते. हिवाळ्यात बिबे पिकले की बायांचे हात बघूनच ते कळते. बोटांवर काळे डाग, मनगटावर फोड, कुणाच्या पापण्या सुजलेल्या. बिब्बा फोडून काढलेली गोडंबी डिंकाच्या लाडवात जाते. टरफलातले काळे तेल मात्र फोडणारीच्या अंगावर राहते.

हेही भाजणेच आहे, फक्त विस्तवाशिवायचे. विस्तवापासून हात मागे घेतला की चटका थांबतो. बिब्ब्याचे तेल कातडीला धरून बसते आणि धुऊन काढेपर्यंत आपले काम करत राहते. परटाने कपड्यावर घातलेली बिब्ब्याची खूण धुण्याने जात नसे, ती याच तेलाची. फोड लगेच दिसत नाहीत, काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात. म्हणून दुखत नसले तरी तेल लागल्याबरोबर उठायचे. फडक्याने तेल टिपून घ्या, चोळू नका. मग साबण लावून वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धुवा, नखांच्या खालीसुद्धा. बांगड्या, अंगठी आधीच काढा. हात सुजला की निघत नाहीत. अंगावरचे लुगडे बदला आणि वेगळे धुवा, नाहीतर तेच तेल कडेवरच्या लेकराला लागते.

फोडातल्या पाण्याने उतणे पसरते असे बाया सांगतात. तसे होत नाही; पसरते ते न धुतलेले तेल. फोड मुद्दाम फोडू नका. त्यावर हळद, चुना, टूथपेस्ट, शेण काही नको, स्वच्छ ओले फडके पुरे. काम सुरू करण्याआधी हाताला खोबरेल चोळायची जुनी रीत आहे, ती असू द्या, पण तेवढ्यावर भिस्त नको. टरफले चुलीत तर मुळीच घालू नका, त्यांचा धूर डोळ्यांना आणि छातीला लागतो. आणि दुखऱ्या सांध्याला किंवा लेकराच्या पोटाला औषध म्हणून बिब्बा लावणे थांबवा, हे मी प्रत्येक वस्तीवर सांगते आणि सांगत राहणार.

संडास धुण्याचे ऍसिड किंवा फवारणीचे औषध अंगावर सांडले तरी भरपूर पाणी हाच पहिला उपाय. ऍसिडवर सोडा टाकू नका, त्याने आणखी उष्णता होते. कळीचा चुना किंवा कोरडी पूड असेल तर आधी झटकून काढा, मग पाणी.

डोळ्यात गेले, तोंड किंवा गुप्तांग सुजले, दम लागला, लघवी कमी झाली किंवा ताप आला, तर घरी बसू नका. डोळा धुणे चालू ठेवा आणि कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. दवाखान्यात पोचल्यावर काय लागले आणि किती वाजता, ते सांगा. औषधाचा डबा असेल तर तो सोबत न्या.