मातीतल्या पाण्याचा माग

बुरोंडीच्या जांभ्यावर दर पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी कोसळते, आणि तरीही वैशाखात दापोली तालुक्यातील कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. त्या पाण्यापैकी जमिनीत किती मुरले याचा दाखला देणारे एक विलक्षण साधन म्हणजे ट्रिशियम, हायड्रोजनचे सुमारे १२.३ वर्षे अर्धायुकालाचे किरणोत्सर्गी समस्थानिक. ते पाण्याच्या रेणूचाच घटक होऊन प्रवास करते, हा त्याचा सर्वश्रेष्ठ गुण होय.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने दख्खनच्या बेसाल्टी मुलखातही ही रीत वापरली: पावसाळ्यापूर्वी मुळांच्या थराखाली किंचित ट्रिशियमयुक्त पाणी टोचावयाचे, पावसाळा सरल्यावर थराथराने माती काढून तिच्यातील ओलावा ऊर्ध्वपातनाने वेगळा करावयाचा, आणि ट्रिशियमचा उच्चांक किती खाली सरकला त्यावरून पुनर्भरणाचा हिशेब मांडावयाचा.

ट्रिशियमच्या साह्याने गोठलेल्या जमिनीतील पाण्याचाही माग काढता येतो. तेथे तर शून्याखालीही मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा द्रवरूप राहतो, आणि तो उबेकडून थंडीकडे, प्रसंगी गुरुत्वाकर्षणाविरुद्धही, ओढला जाऊन बर्फाचे असे थर रचतो की त्यांनी रस्ते उचलले जातात. या हालचालीचा पत्ताही ट्रिशियम देते: अण्वस्त्रचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास पर्जन्यातील ट्रिशियम शिगेला पोहोचले होते. ते चिरगोठित भूमीच्या बर्फात आढळले, तर तेथे अलीकडचे पाणी शिरले असे निश्चित मानता येते.

आपल्या जांभ्यात मात्र पाणी पोकळ्यांतून झटकन निसटते, म्हणून टोचणीची रीत येथे पुनर्भरण कमीच दाखवील. झऱ्यांच्या पाण्यातील नैसर्गिक समस्थानिके तपासणे मला अधिक उचित वाटते.