सामाईक भिंत

सुरतेच्या जुन्या शहरात मच्छलीपीठ नावाची वस्ती आहे. २४ एप्रिल १८३७ रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास तेथील एका प्रतिष्ठित पारशी गृहस्थाच्या घरी उकळत्या डांबराचे भांडे कलंडले आणि घराच्या लाकूडकामाने पेट घेतला. पाणी हवे होते. पण शेजाऱ्यांनी आपापल्या विहिरी वापरू देण्यास नकार दिला. काही मिनिटांतच ज्वाळा लगतच्या घरांना जाऊन भिडल्या. आग तीन दिवस धुमसत होती. ९,३७३ घरे भस्मसात झाली, आणि केवळ घरांचेच नुकसान सुमारे ४६ लक्ष रुपयांचे झाले.

घरास घर लागून असले म्हणजे शेजाऱ्याचे संकट आपल्या दारी यावयास वेळ लागत नाही. सुरतेच्या जुन्या गल्ल्यांतील घरे अरुंद व खोल, आणि दोन घरांत पुष्कळदा भिंत एकच. या बाजूच्या भिंतीला गुजरातीत ‘करो’ म्हणतात. आपल्या गावांतूनही वडिलोपार्जित घराच्या वाटण्या झाल्या की भाऊभाऊच अशा भिंतीचे शेजारी होतात, आणि मग तंटा अधिकच कडू होतो.

तंट्याचे मूळ बहुधा सारखेच असते. एकाला जुने घर पाडून वर मजला चढवावयाचा असतो. दुसऱ्याच्या तुळया मात्र त्याच भिंतीत रोवलेल्या असतात. पहिला म्हणतो, “भिंत माझी.” दुसरा म्हणतो, “माझ्या आजोबांनी बांधली.” कागद कोणापाशीच नसतो.

अशा वेळी कायदा काय म्हणतो, हे घरातील कर्त्या माणसाने जाणून घेतलेले बरे. भिंत दोघेही पूर्वापार वापरीत असतील आणि ती एकट्याचीच असल्याचा पुरावा नसेल, तर ती सामान्यतः दोघांची धरली जाते. दुसऱ्याच्या संमतीवाचून ती पाडता येत नाही. उंच करावयाची तरी संमती हवीच. मद्रास हायकोर्टाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी परस्पर चढविलेली भिंत उतरविण्यास लाविले होते. १८८२ चा सुखाधिकारांचा कायदा १८९१ साली मुंबई इलाख्यास लागू झाला. सुरत तेव्हा याच इलाख्यात होती. त्या कायद्याप्रमाणे शेजारच्या बांधकामाचा आधार किंवा उजेड व वारा वीस वर्षे हक्काने, अखंड व निर्वेधपणे उपभोगल्यास तो हक्क बनतो. गुजरातेत तर शेजाऱ्याच्या माजघरात दृष्टी जाईल अशी नवी खिडकी काढू नये, ही रूढीही मुंबई हायकोर्टाने मान्य केलेली आहे. नगरपालिकेची बांधकामाची परवानगी हाती असली म्हणजे भिंतीची मालकी ठरली, असे पुष्कळांस वाटते; तो निव्वळ गैरसमज होय.

म्हणून पहिली पहार पडण्यापूर्वीच शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसावे. नकाशा दाखवावा. त्याच्या भिंतीला आधीच असलेल्या भेगांची दोघांच्या समक्ष छायाचित्रे घ्यावीत. नाही तर पुढे प्रत्येक भेग नव्या कामाच्याच माथी येते. जाणत्या इंजिनिअरकडून तुळयांना टेकू कोठे द्यावयाचे, पाया किती खोल न्यावयाचा हे ठरवून घ्यावे, आणि पाया खणण्याचे काम पावसाळ्यात काढू नये. खर्चाची वाटणी, पडझडीची भरपाई व काम संपविण्याची मुदत स्टॅम्पपेपरवर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. “आपल्यात कागद कशाला?” असे म्हणणारे शेजारीच, माझ्या पाहण्यात, पुढे वकिलाकडे आधी धावतात.

इतके करूनही बेबनाव झालाच, तर गावातील दोघांच्या विश्वासाचा वडीलधारा माणूस मध्ये घालावा. तेही न साधले तर लोकअदालत आहे. या अदालतींचा प्रारंभ १९८२ साली गुजरातेतच, जुनागढ जिल्ह्यात झाला, आणि १९८७ च्या कायद्याने त्यांना अधिकार मिळाले. तेथे दोघांच्या संमतीने झालेला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो व त्यावर अपील नसते. कोर्टात आधीच चालू असलेला दावा तेथे मिटला, तर भरलेली कोर्ट फीही परत मिळते.