चार वाद्यं आणि पिशवीभर डोनट

मी व्हायोलिन शिकवते, आपल्या पद्धतीचं, मांडी घालून. स्ट्रिंग क्वार्टेटच्या वाटेला कधी गेले नव्हते. नेलं आशाताई भोसले यांनी. २००५ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या ‘क्रोनॉस क्वार्टेट’बरोबर आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांचा अल्बम केला. तबल्यावर झाकिर हुसेन. ऐकायला बसले ‘चुरा लिया’, पण कान अडकला मागच्या चार वाद्यांत.

दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. असं मोजक्या वादकांचं चेंबर म्युझिक म्हणजे तिकडची बैठकच. कंडक्टर नसतो, एकत्र यायचं ते एकमेकांच्या श्वासावर आणि नजरेवर.

१९७३ मध्ये सिएटलच्या डेव्हिड हॅरिंग्टननं रेडिओवर जॉर्ज क्रम यांची ‘ब्लॅक एंजल्स’ ऐकली आणि ती वाजवता यावी म्हणून हे क्रोनॉस क्वार्टेट उभं केलं. व्हिएतनाम युद्धाच्या काळातली, १९७० ची ही रचना. सुरुवातीलाच तारा विजेवर किंचाळतात. वादक मध्येच वेगवेगळ्या भाषांत आकडे मोजतात. एके ठिकाणी पाण्यानं सुरात लावलेल्या काचेच्या ग्लासांवर गज फिरवतात. जलतरंगावर आपण काठी मारतो. इथे गज काठाला घासतो आणि सूर लांबतो. मी घरी करून पाहिलं. चौथ्या प्रयत्नात ग्लास बोलला, तेव्हा अंगावर काटा आला.

क्रोनॉसनं जुन्या थोरांची उजळणी न करता हयात संगीतकारांकडून नवं लिहून घेतलं. पहिल्या रचनेचं मानधन होतं पिशवीभर डोनट! पुढे अशा रचना आणि रूपांतरं मिळून हजारावर गेली. २०१५ मध्ये त्यांनी तरुण क्वार्टेटांसाठी ५० नव्या रचनांचा उपक्रम सुरू केला: २५ संगीतकार स्त्रिया, २५ पुरुष. झाकिरभाईंचीही एक रचना त्यात आहे. नोटेशन इंटरनेटवर फुकट.

नवं संगीत कळत नाही, अशी तक्रार माझे विद्यार्थी करतात. मारवा राग तरी पहिल्या दिवशी कुठे कळला होता? कानाला आधी ओळख लागते, समज मागून येते. म्हणून सुरुवात आशाताईंपासून करा. मग एखाद्या रात्री दिवे मालवून ‘ब्लॅक एंजल्स’ लावा. वीसेक मिनिटांचा प्रश्न आहे. आणि घरात कुणी व्हायोलिन शिकत असेल, तर त्याला आणखी तीन सोबती शोधून द्या.